महामार्गाच्या कडेचे मैदान

२०१४-१५ च्या हंगामात राष्ट्रीय पातळीवर खेळणारे तीन फुटबॉल क्लब एकाच वेळी पुण्यात नांदत होते. आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेत पुणे एफसी आणि भारत एफसी होते, नुकत्याच सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये एफसी पुणे सिटी होता, आणि या तिघांचेही घरचे मैदान एकच होते, म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल. भारत एफसी एका हंगामात आटोपला. पुणे एफसीनेही त्याच सुमारास गाशा गुंडाळला. मग डीएसके शिवाजीयन्सने आय-लीगमध्ये दोन हंगाम काढले आणि तेही थांबले. ऑगस्ट २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीची लीगमधली जागा हैदराबाद एफसीकडे गेली, तेव्हा पुण्याची पाटी पुन्हा कोरी झाली होती.

या पडझडीचे एक ठरलेले स्पष्टीकरण मी लग्नाच्या पंगतीपासून कार्यालयातल्या चहापर्यंत सगळीकडे ऐकत आले आहे. पुणेकराला फुटबॉल नकोच आहे, तो फार तर रात्री जागून इंग्लंडमधले सामने पाहील, पण बालेवाडीपर्यंत जाणार नाही, असे हे स्पष्टीकरण. वर उल्लेखलेल्या चारपैकी तीन क्लबांचे सामने मी स्वतः तिकीट काढून पाहिले आहेत आणि मला ते पटत नाही. पुण्यात फुटबॉलच्या प्रेक्षकांची वानवा नव्हती. ते जिथे होते तिथे कोणी गेले नाही, आणि जे कसेबसे बालेवाडीपर्यंत पोहोचले त्यांना दोन-तीन वर्षांनी क्लबच सापडेनासा झाला.

माझे बालपण रेंजहिल्सच्या वसाहतीत गेले. वडील खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. हा कारखाना १८६९ चा, म्हणजे पुण्यातल्या फुटबॉलपेक्षाही बहुधा जुना, आणि दोघांचे नाते जवळचे आहे. लष्कर, संरक्षण खात्याचे कारखाने आणि रेल्वे यांच्या आधाराने पुण्यातला फुटबॉल छावणीच्या अंगाने वाढला, म्हणून तो खडकी, कॅम्प, वानवडी, घोरपडी या भागांत मुरलेला दिसतो, तर पेठांमध्ये क्रिकेट, कबड्डी, खो-खो आणि मल्लखांब यांचे राज्य राहिले. रविवारी सकाळी वडील आम्हा भावंडांना घेऊन मैदानावर जात. तिथे ते सामना शांतपणे पाहत असत, असे म्हणता येणार नाही. रेल्वेच्या संघातला एक लेफ्ट आऊट त्यांना मनापासून खुपत असे आणि त्याच्या प्रत्येक चुकीच्या पासवर ते त्याच्या घराण्याचा उल्लेख करीत. पण तोच खेळाडू एकदा पाय मोडून पडला तेव्हा रुग्णालयात त्याला पाहायला जाणाऱ्यांत तेही होते. समर्थक म्हणजे काय, हे मला त्या रविवारी कळले, आणि त्यात तिकीट, टी-शर्ट किंवा घोषवाक्य यांपैकी काहीच नव्हते. आपला माणूस खेळतो आहे आणि समोर दुसऱ्या कोणाचा तरी माणूस खेळतो आहे, एवढ्यावर ते सारे चालत असे.

आजही पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेच्या लीगचे सामने होतात आणि आरटीओजवळच्या एसएसपीएमएस मैदानावर ते पाहणारे प्रेक्षक थोडे असले तरी अस्सल आहेत. निवृत्त जवान, फॅक्टरीतले जुने कामगार, खेळाडूंच्या आया आणि सायकलवरून आलेली मुले, असा तो जमाव असतो. एखाद्या नव्या क्लबाला पहिले पाचशे समर्थक हवे असतील, तर ते इथेच बसलेले आहेत. मात्र हंगामाच्या आधी जाहिरातींचे फलक लागत ते मॉलमध्ये, आयटी कंपन्यांच्या परिसरात आणि महाविद्यालयांच्या महोत्सवांत. त्या ठिकाणी जाऊच नये असे माझे म्हणणे नाही. तिथेही तरुण माणसे आहेत आणि त्यांच्या खिशात पैसे आहेत. पण ज्यांच्या घरात फुटबॉलचे बूट वर्षानुवर्षे दाराबाहेर वाळत आले आहेत, त्यांच्या दारावर टकटक व्हायला हवी होती, ती फारशी झाली नाही.

बालेवाडीच्या मैदानाविषयी बरेच बोलले जाते आणि त्यातले पुष्कळसे खरे आहे. हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले, २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, आणि त्या साऱ्या गरजांमुळे मुख्य मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे. परिणामी पहिल्या रांगेत बसले तरी चेंडू लांब वाटतो, प्रेक्षकाचा आवाज ट्रॅक ओलांडून खेळाडूपर्यंत जाईतो पातळ होतो, आणि गोलच्या मागे बसणाऱ्याला पलीकडच्या गोलसमोर काय चालले आहे याचा फक्त अंदाज बांधावा लागतो. खडकीहून औंध, बाणेर करीत दोन बस बदलून मी तिथे जात असे. रात्री आठचा सामना दहाच्या सुमारास संपे, आणि एकदा शेवटची बस निघून गेल्यामुळे मी आणि माझी मैत्रीण महामार्गाच्या सेवा रस्त्यावर पाऊण तास रिक्षेची वाट पाहत उभ्या होतो. नवीन प्रेक्षक मिळवण्याच्या कितीतरी योजना आखल्या जातात, परंतु स्त्रिया आणि शाळकरी मुले सामना संपल्यावर घरी कशी पोहोचणार, हा प्रश्न त्या योजनेच्या पहिल्या पानावर असायला हवा, असे मला त्या रात्रीपासून वाटत आले आहे. आता हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोच्या मार्गिकेत बालेवाडी स्टेडियमच्या नावाचे स्थानक आहे, तेव्हा हा भाग तरी पुढच्या पिढीला सोपा जाईल.

या बाबतीत बंगळुरूचे उदाहरण मला नेहमी आठवते, कारण तो क्लबही जुना नव्हे. बंगळुरू एफसीची स्थापना २०१३ ची, म्हणजे एफसी पुणे सिटीपेक्षा अवघ्या एका वर्षाने मोठी. पहिल्याच हंगामात आय-लीगचे विजेतेपद मिळाल्यामुळे त्यांचे काम सोपे झाले हे मान्य केले, तरी शहराच्या मध्यभागी असलेले कंठीरवा स्टेडियम आणि त्यातल्या पश्चिमेच्या गॅलरीत ठाण मांडून बसणारे वेस्ट ब्लॉक ब्लूज यांनी त्या क्लबाला जो चेहरा दिला, तो केवळ विजयांनी मिळत नाही. मार्च २०१८ मध्ये याच बंगळुरूशी एफसी पुणे सिटीचा इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना बालेवाडीला झाला आणि तो ०-० असा सुटला. मार्सेलिन्यो आणि एमिलियानो अल्फारो या परदेशी आक्रमक खेळाडूंमुळे तो हंगाम पुण्याचा सर्वांत चांगला हंगाम ठरला होता, ऑरेंज आर्मी या पुण्याच्या समर्थक गटाचे ढोल पहिल्या मिनिटापासून वाजत होते, आणि आयुष्यात प्रथमच मला त्या ट्रॅकचा विसर पडला. चार दिवसांनी बंगळुरूत सुनील छेत्रीने तीन गोल केले, पुण्याच्या जोनातन लुकाच्या फ्री किकवर आपला एक गोल झाला आणि गोष्ट तिथे संपली. पण मला त्या पराभवापेक्षा पुढचे वर्ष जास्त बोचले. त्या रात्री जे लोक पहिल्यांदा बालेवाडीला आले होते, त्यांना पुन्हा आणण्यासाठी कोणी त्यांची नावे लिहून घेतली होती, असे मला तरी दिसले नाही.

आता मी मुद्द्याच्या त्या भागाकडे येते, ज्यावर पुण्यात क्वचितच बोलले जाते. लक्ष्मी रस्त्यावरून पाहिले की बालेवाडी गावाबाहेर वाटते. मात्र साताऱ्याहून पाहिले तर ती अगदी वाटेवर आहे. मुंबई-बंगळुरू महामार्ग संकुलाला जवळजवळ खेटून जातो, आणि हाच रस्ता पुढे सातारा, कराड करीत कोल्हापूरला पोहोचतो. ज्या मैदानाला आपण शहरापासून तुटलेले म्हणून नावे ठेवली, ते खरे तर दक्षिण महाराष्ट्राच्या दारात उभे होते, आणि महाराष्ट्रातला सर्वांत कडवा फुटबॉल प्रेक्षक त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला राहतो.

कोल्हापूरविषयी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. तिथे फुटबॉलचे संघ तालमींचे आणि तरुण मंडळांचे आहेत. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नावे तिथल्या शाळकरी मुलाला पाढ्यांसारखी पाठ असतात. मुळात कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनी लाल मातीच्या जोडीला चेंडू स्वीकारला, आणि पेठेशी असलेली निष्ठा जशीच्या तशी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आली. घराण्याचा वारसा सांगावा तशी माणसे आपल्या संघाचे नाव सांगतात. याच्या दुसऱ्या बाजूकडे मी डोळेझाक करीत नाही. हुल्लडबाजीमुळे तिथे स्पर्धा थांबवण्याची वेळ आलेली आहे, आणि पायऱ्यांवर स्त्रियांची संख्या अजूनही फार कमी आहे. जिल्ह्यात आणखी खाली गेले तर गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावी दिवाळीच्या सुट्टीत बाहेरच्या राज्यांतले संघ बोलावून स्पर्धा भरवल्या जातात आणि सारे गाव मैदानाला लोटते. पुण्याच्या कुठल्याही क्लबाने एक पैसाही खर्च न करता हा प्रेक्षक आधीच तयार झालेला होता.

माझा मावसभाऊ पाटाकडीलचा. एफसी पुणे सिटीच्या एका सामन्याला मी त्याला हौसेने बोलावले. खुर्च्या, प्रकाशझोत, हिरवेगार मैदान पाहून तो हरखला. मध्यंतरात मात्र म्हणाला, "ताई, ग्राउंड एक नंबर हाय, पण हितं कुणाचं कुणाशी भांडाणच न्हाई की." मी तेव्हा हसले, आणि गेली काही वर्षे त्या वाक्यावर विचार करते आहे. भांडण नाही याचा अर्थ, हरल्याने कोणाचे काही जात नाही. मुंबई सिटीविरुद्धच्या सामन्याला महाराष्ट्र डर्बी, म्हणजे शेजाऱ्यांमधली लढत, म्हटले जाई, आणि २०१४ मध्ये पहिल्याच भेटीत मुंबईने पाच गोल घातले तेव्हा चरफडायला जागा होती. परंतु मुंबईविषयीची पुणेकराची चीड ही द्रुतगती मार्गावरच्या वाहतुकीइतकीच खोल असते, ती खिंड ओलांडली की निवळते. कोल्हापूरचा एखादा खेळाडू पुण्याच्या संघात आणि साताऱ्याचा त्याच्या शेजारी असता, त्यांच्या गावाहून बस भरून माणसे आली असती आणि मग पायऱ्यांवर आपोआप रंग भरला असता.

खेळाडू नव्हते असेही नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि पुणे एफसीच्या अकादमीत घडला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पुणे एफसी बंद पडल्यावर २०१६ मध्ये तिची अकादमी एफसी पुणे सिटीने घेतली, ही त्या काळातली शहाणपणाची गोष्ट होती. पुढे हैदराबाद एफसीने २०२१-२२ चे विजेतेपद पटकावले, तेव्हा अनिकेत त्या संघात होता. पुण्यातून गेलेल्या जागेवर, पुण्यात शिकलेला, कोल्हापूरचा मुलगा चषकासोबत उभा आहे, हे दृश्य मी दूरदर्शन संचावर पाहिले आणि आनंद मानावा की नाही हे मला ठरवता येईना. तीच जागा २०२५ मध्ये हैदराबादहूनही उठली आणि दिल्लीला गेली; ज्या दिल्लीचा आधीचा क्लब २०१९ मध्ये भुवनेश्वरला हलला होता. आमच्या लहानपणी संगीत खुर्चीच्या खेळात निदान खुर्च्या जागच्या हलत नसत.

नावाचा आणि भाषेचाही प्रश्न आहे. २०१४ मध्येच प्रो कबड्डी सुरू झाली आणि पुण्याच्या संघाला पुणेरी पलटण हे नाव मिळाले. त्या नावात शहर आहे, भाषा आहे, थोडा मिजासखोरपणाही आहे, आणि मुख्य म्हणजे तो संघ तेव्हापासून आजतागायत टिकून आहे. मार्च २०२४ मध्ये त्याने विजेतेपदही मिळवले. एफसी पुणे सिटी हे नाव मात्र जगात कुठेही चिकटवता येईल असे होते, त्यातल्या शहराचे नाव बदलले की झाले. कबड्डी हा आपलाच खेळ असल्यामुळे त्याला मराठी नाव शोभते, असे कोणी म्हणेल. पण कोल्हापूरच्या तालमीच्या नावाने संघ खेळतात तेव्हा फुटबॉलला ती नावे विशोभित दिसत नाहीत. मैदानावरचा निवेदक मराठीत बोलला, बदली खेळाडूचे नाव मराठीत पुकारले, खाण्याच्या गाड्यावर थंड पॉपकॉर्नऐवजी गरम वडापाव मिळाला, तर खडकी बाजारातल्या माणसाला हा कार्यक्रम आपल्यासाठीही आहे असे वाटेल. ढोल-ताशा तेवढा पुणेरी असायचा, आणि खरे सांगायचे तर संपूर्ण प्रयोगातला तोच भाग लोकांना घरचा वाटला.

याच्याच जोडीला एक उलट बाजूही आहे. केरळ ब्लास्टर्स किंवा नॉर्थईस्ट युनायटेड बालेवाडीला येत, तेव्हा पाहुण्यांचे समर्थक इतक्या संख्येने दिसत की आपणच परगावी आल्यासारखे वाटे. हिंजवडीत काम करणारे मल्याळी, पुण्यात शिकायला आलेले मणिपुरी आणि मिझो विद्यार्थी, असे ते लोक. माझ्या शेजारी बसणारे एक काका यावर फार चिडत. मला मात्र त्यात आशा दिसे, कारण ही सगळी माणसे पुण्याची रहिवासी आहेत आणि फुटबॉलसाठी पदरमोड करून बालेवाडीला येण्याची त्यांची तयारी आहे. वर्षातून एक दिवस ती आपल्या गावाच्या संघाकडून ओरडतील. उरलेल्या दिवशी ती कोणाकडून ओरडणार, हे क्लबाच्या वागणुकीवर अवलंबून आहे. त्यांची मुले तर इथल्याच शाळांत शिकत आहेत.

तरीही या साऱ्या उपायांच्या आधी एक अट आहे आणि ती म्हणजे टिकण्याची. पुणेकराला क्लब उठून जाण्याची इतकी सवय झाली आहे की नव्या संघाचे स्वागत तो पेन्शनीत निघालेल्या माणसासारखे सावधपणे करतो. क्रिकेटमध्येही त्याने हेच पाहिले. पुणे वॉरियर्स तीन हंगाम, मग रायझिंग पुणे सुपरजायंट दोन हंगाम, आणि त्यातला दुसरा तर अंतिम सामन्यात एका धावेने हरून संपला. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला, २०१४ मध्ये एएफसी चषक या आशियाई क्लबांच्या स्पर्धेत हाँगकाँगच्या किची आणि सिंगापूरच्या टॅम्पाइन्स रोव्हर्स यांच्या गटात खेळला. शहराच्या नावाने आशियात खेळणारा संघ आपल्याकडे होता, आणि वर्षा-दीड वर्षात तो इतिहासजमा झाला. समर्थकाची निष्ठा वडिलांकडून मुलाकडे जाण्यासाठी क्लबाला निदान एक पिढी जगावे लागते.

इंग्लंडमध्ये लंडनचा विम्बल्डन हा क्लब मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात हलवण्याची परवानगी २००२ मध्ये मिळाली, तेव्हा समर्थकांनी स्वतःच एएफसी विम्बल्डन नावाचा नवा क्लब काढला, तो बऱ्याच खालच्या पायरीवरून खेळवत २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये नेला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या भागात, प्लाऊ लेनवर परत आणला. २०१९ मध्ये आम्ही काय केले? आम्ही काही दिवस हळहळलो, आणि मग आमच्यातले निम्मे लोक पुन्हा इंग्लंडच्या सामन्यांकडे वळले. त्या निम्म्यांत मीही होते, हे सांगितले पाहिजे. आमच्याकडे तेवढा पैसा नव्हता, ही सबब खरी आहे. जिल्ह्याच्या लीगमध्ये एक संघ उतरवायला किती लागतात, याची चौकशी मात्र आमच्यापैकी कोणीही केली नव्हती.

ती चौकशी आम्ही गेल्या वर्षी केली. क्लब काढण्याइतकी आमची तयारी नाही, म्हणून खडकीतल्या एका जुन्या संघाच्या पाठीशी उभे राहायचे, असे आम्ही नऊ जणांनी ठरवले आहे. संघाच्या व्यवस्थापकांना आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांना प्रथम वाटले की आम्ही वर्गणी मागायला आलो आहोत. आता प्रत्येक घरच्या सामन्याला आमच्यापैकी प्रत्येकीने किंवा प्रत्येकाने फुटबॉल न पाहणारे एक माणूस सोबत आणायचे, असा नियम आहे. माझ्या वाटच्या माणसांत आतापर्यंत भाची, शेजारच्या वहिनी आणि आमच्या इमारतीचा रखवालदार झाले आहेत. पुन्हा आला तो फक्त रखवालदार, आणि तोही स्वतःच्या मुलाला घेऊन. वहिनी काही पुन्हा येणार नाहीत. त्यांना उन्हाचा त्रास झाला, आणि सावलीची सोय नाही ही त्यांची तक्रार रास्तच आहे.

संघाच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत गडहिंग्लजचे सामने दाखवायला न्यायचे, असेही घाटत आहे. बस ठरवली आहे आणि ती रेंजहिल्सहून पहाटे पाचला निघून बालेवाडीवरूनच पुढे जाईल. मावसभाऊ कोल्हापुरात गाडीत चढणार आहे. येताना पुण्याहून डबे आणू नका, एवढीच त्याची अट आहे.